दोन सायकलनंतर काउंट आणखी घसरले, म्हणजे औषध वाया गेले का?

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असल्यास तो तुम्हाला लगेच दिसेल. तुमच्या वडिलांचे वय ६९ आहे. त्यांना एमडीएस, म्हणजे मायलोडिसप्लास्टिक सिंड्रोम (रक्त तयार करणाऱ्या बोन मॅरोचा कर्करोग), असल्याचे निदान झाले असून मॅरोच्या तपासणीत ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व रोगट, पेशी १४ टक्के निघाल्या आहेत. अ‍ॅझासिटिडीनच्या इंजेक्शनच्या दोन सायकल, म्हणजे महिन्या-महिन्याच्या दोन फेऱ्या, पूर्ण झाल्या. सुरुवातीला ६२ हजार असलेल्या प्लेटलेट्स २१ हजारांवर आल्या, हिमोग्लोबिन सातच्या आसपास रेंगाळते आहे आणि या काळात चार वेळा रक्त चढवावे लागले. तुमचे मामा म्हणतात की औषधाने माणूस आणखी खंगला, आता हे बंद करा. डॉक्टर म्हणतात की थांबा, थोडा वेळ द्या. त्यातच हे ‘एपिजेनेटिक’ औषध आहे आणि ते जनुकांवर काम करते, असे तुमच्या वाचनात आले, आणि म्हणून तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत : स्तनाचा कर्करोग असलेल्या मावशींना असे औषध चालेल का, आणि हळदीतही हाच गुण असतो म्हणतात, तर ती सोबत द्यावी का.

मी गेली बावीस वर्षे पुण्यात रक्तविकारांचे रुग्ण पाहतो आहे, आणि मामांचा हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतेच. तो औषधाच्या गुणदोषांविषयी आहे असे वरवर वाटते. पण खरी अडचण अशी आहे की या औषधाचा निकाल कधी लावायचा, हे घरात कोणालाच नीट सांगितले गेलेले नसते. न्यूमोनियाला दिलेले अँटिबायोटिक तीन दिवसांत लागू पडले की नाही हे कळते, आणि नेहमीच्या केमोथेरपीने गाठ लहान झाली की नाही हे दोन-तीन सायकलनंतरच्या स्कॅनमध्ये दिसते. तीच मोजपट्टी अ‍ॅझासिटिडीनला लावली, तर ज्याला लाभ होणार होता अशाही रुग्णाचे औषध आपण हाताने बंद करून बसतो. हे असे का, ते कळण्यासाठी औषध नेमके काय करते ते थोडे सविस्तर सांगावे लागेल. त्याआधी एक मर्यादा : मी तुमच्या वडिलांना तपासलेले नाही, त्यांच्या मॅरोची स्लाइड पाहिलेली नाही, त्यांच्या गुणसूत्रांचा अहवाल माझ्यासमोर नाही. त्यामुळे पुढील लेखन त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे म्हणून आहे. त्यांच्या सल्ल्याची जागा ते घेऊ शकत नाही.

प्रथम ‘जनुके बदलणारे औषध’ ही भीती बाजूला ठेवू. आपल्या गणेशखिंड रस्त्यावर मधमाशांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिच्या फाटकावरून जाताना मला नेहमी एक प्रयोग आठवतो, जो खरे तर ऑस्ट्रेलियात झाला. राणीमाशी आणि कामकरी माशी यांचा डीएनए एकाच प्रकारचा असतो. ज्या अळीला शेवटपर्यंत रॉयल जेली भरवली जाते ती राणी होते, बाकीच्या कामकरी होतात. २००८ मध्ये संशोधकांनी अळ्यांमधील एक एन्झाइम दाबून टाकले. हे एन्झाइम डीएनएवर मेथिल नावाच्या बारीक रासायनिक खुणा चिकटवते. खुणा कमी झाल्या, तेव्हा बहुतेक अळ्या रॉयल जेलीच्या त्या आहाराशिवायच राणीसारख्या निपजल्या. जनुकांचे एक अक्षरही बदलले नव्हते. कोणते जनुक वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, एवढेच बदलले होते. या खुणांचा आणि डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावरील खुणांचा जो अभ्यास, तो एपिजेनेटिक्स.

कर्करोगात या खुणा चुकीच्या जागी पडतात. पेशीची वाढ रोखणारी किंवा तिला परिपक्व होण्यास भाग पाडणारी जी जनुके उघडी असायला हवीत, त्यांच्यावर मेथिलचा थर बसतो आणि ती मुकी होतात. एमडीएसमध्ये तर रोगाच्या मुळाशीच हा बिघाड असतो, कारण या रोगात वारंवार सापडणारे टीईटी-२, डीएनएमटी-३ए, एएसएक्सएल-१ यांसारखे जनुकदोष नेमके खुणा लावणाऱ्या, पुसणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या यंत्रणेतलेच आहेत. परिणामी मॅरो पेशींनी गच्च भरलेला असतो, पण त्या पेशी पिकतच नाहीत. म्हणून कारखाना चालू दिसतो आणि रक्तात मात्र माल येत नाही.

आता औषध. पूर्वी पोथ्यांच्या नकला होत, तेव्हा एक लेखनिक मजकूर उतरवतो आहे आणि त्याच्या मागून दुसरा कारकून येऊन मूळ पोथीच्या समासातील खुणा नव्या प्रतीत जशाच्या तशा उतरवतो आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. पेशीचे विभाजन होते तेव्हा डीएनएची नक्कल अशीच होते. नव्या धाग्यावर सुरुवातीला मेथिलच्या खुणा नसतात. डीएनएमटी-१ नावाचा एन्झाइमरूपी कारकून जुना धागा पाहून त्या लावत जातो. अ‍ॅझासिटिडीनचा रेणू डीएनएच्या सायटोसीन या अक्षरासारखाच दिसतो, त्यामुळे नक्कल होताना तो अक्षर म्हणून नव्या धाग्यात बसतो. कारकून खूण लावायला तेथे आला की त्याचा हात त्या बनावट अक्षराला कायमचा चिकटतो, आणि पेशी त्या अडकलेल्या कारकुनालाच मोडीत काढते. कारकुनांची संख्या घटते आणि पुढच्या प्रत्येक नकलेत खुणा विरळ होत जातात.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. पहिली अशी की ज्या पेशीत नक्कल चालू आहे तिच्यावरच औषध चालते. महिन्यातील इंजेक्शनच्या सात दिवसांत विश्रांती घेत असलेल्या पेशी निसटतात आणि त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा यावे लागते. दुसरी अशी की खुणा एका फटक्यात पुसल्या जात नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या विरळ होतात, आणि औषध थांबले की हळूहळू परत येतात. वेळ हा या औषधाच्या मात्रेचाच एक भाग आहे, असे मी रुग्णांना सांगतो. अलीकडच्या काळात आणखी एक पदर समजला आहे. आपल्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंचे अवशेष आहे, आणि तो एरवी मेथिलखाली गाडलेला असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांत दिसले की खुणा निघाल्यावर हे अवशेष जागे होतात, पेशीला विषाणूचा हल्ला झाल्यासारखे वाटते आणि ती प्रतिकारशक्तीला हाका मारू लागते. रुग्णाच्या शरीरात या मार्गाचा वाटा किती, हे मात्र अजून वादाचे आहे.

या औषधाचा इतिहासही हाच धडा देतो. १९६४ मध्ये प्राग येथे पिस्काला आणि शोर्म या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रथम तयार केले. पुढे ते नेहमीच्या केमोथेरपीसारखे, रुग्णाला सोसेल तितक्या मोठ्या मात्रेत देऊन पाहण्यात आले, आणि त्रासच फार झाला. दरम्यान प्रयोगशाळेत उंदराच्या पेशींना हे औषध दिल्यावर त्यांतील काहींचे स्नायू बनू लागल्याचे आढळले. ते का घडते, हे पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी १९८० मध्ये मेथिलच्या खुणा पुसल्या जाण्याशी जोडून दाखवले. त्यानंतर विचार उलटा फिरला. पेशी मारण्याइतकी मात्रा नको, खुणा पुसण्याइतकी पुरे, आणि ती पुन्हा पुन्हा हवी. अशा कमी मात्रेच्या वापरासाठी अमेरिकेत २००४ मध्ये अ‍ॅझासिटिडीनला आणि २००६ मध्ये त्याच्याच भावंडाला, डेसिटाबीनला, एमडीएससाठी मान्यता मिळाली. चाळीस वर्षे पडून असलेले औषध मात्रा उतरवल्यावर कामाला आले, ही आमच्या शास्त्रातली दुर्मीळ गोष्ट आहे.

आता आकडे. तुमच्या वडिलांसारख्या, म्हणजे अधिक जोखमीच्या एमडीएससाठी झालेली मुख्य चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३५८ रुग्ण होते. निम्म्यांना अ‍ॅझासिटिडीन आणि निम्म्यांना तोवरचे प्रचलित उपचार मिळाले. आयुर्मानाचा मध्य २४.५ महिने विरुद्ध १५ महिने असा आला, आणि दोन वर्षांनी हयात असलेले रुग्ण सुमारे ५१ टक्के विरुद्ध २६ टक्के होते. मध्य याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले आणि निम्मे कमी. वडिलांच्या नावावर लिहिलेली ती मुदत नव्हे. चाचणीबाहेरच्या रोजच्या व्यवहारात निकाल याहून उतरलेले असतात, हेही मी लपवत नाही. पण मामांना दाखवण्याजोगा आकडा वेगळाच आहे. त्या चाचणीत ज्यांना गुण आला, त्यांच्यापैकी निम्म्यांनाच दुसऱ्या सायकलपर्यंत तो दिसू लागला होता. नव्वद टक्क्यांच्या वर पोहोचायला सहा सायकल लागल्या. शिवाय गुण आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची प्रकृती पहिल्या सुधारणेनंतर औषध चालू ठेवल्यावर आणखी सुधारली. म्हणून पाठ्यपुस्तके, आणि बहुधा तुमचे डॉक्टरही, किमान चार आणि शक्यतो सहा सायकलपूर्वी निकाल लावत नाहीत.

मग काउंट का घसरले? कारण सुरुवातीला औषध दोन्ही बाजूंना मारते. त्याचा थोडा विषारी परिणाम विभाजन होणाऱ्या सर्वच पेशींवर होतो, आणि रोगाने आधीच मोडकळीला आलेल्या मॅरोत चांगल्या पेशींची शिल्लक फारच थोडी असते. रोगट पेशी हटून जागा मोकळी होईपर्यंत आणि उरलेल्या पेशी पिकू लागेपर्यंत रक्तातील आकडे खालीच जातात. पहिल्या दोन सायकल हा सर्वांत खडतर काळ असतो. रक्त, प्लेटलेट्स, ताप, भरती हे सगळे बहुतेकदा याच काळात घडते, आणि घरच्यांना साहजिकच वाटते की रोगापेक्षा उपचारच भारी पडला. काउंट रोगामुळे घसरले की औषधामुळे, हे दुसऱ्या सायकलनंतर केवळ सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पाहून मलाही खात्रीने सांगता येत नाही. माझ्या अनुभवात, गुण येणार असेल तर बहुधा प्लेटलेट्स आधी हलतात. पुढचे इंजेक्शन सुरू होण्याच्या आदल्या दिवसांत त्या मागच्या महिन्यातील त्याच दिवसापेक्षा थोड्या वर असतात. हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी येते.

येथे माझीच एक चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी हेच औषध सुरू केले होते. तिसऱ्या सायकलनंतर त्यांच्या प्लेटलेट्स १४ हजार झाल्या, मुलगा रडकुंडीला आला आणि मीही कच खाल्ली. औषध थांबवून केवळ रक्त चढवत राहिलो. पाच आठवड्यांनी त्यांच्या प्लेटलेट्स आपोआप ७० हजारांवर गेल्या. तो औषधाचाच गुण होता, आणि तो ओळखेपर्यंत मी दोन सायकल गमावल्या होत्या. पुन्हा सुरू केल्यावर त्यांना पूर्वीइतका प्रतिसाद मिळाला नाही. याचे कारण तो खंडच होता, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तेव्हापासून दुसऱ्या-तिसऱ्या सायकलच्या टप्प्यावर मी केवळ आकड्यांना घाबरून हात मागे घेत नाही.

याचा अर्थ डोळे मिटून पुढे जायचे असा अजिबात नाही. रक्तात ब्लास्ट पेशी आठवड्यागणिक वाढत असतील, मॅरोतील त्यांचे प्रमाण १४ वरून २० टक्क्यांच्या पुढे गेले असेल, म्हणजे रोगाचे रूपांतर अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्यूकेमियात (रक्ताच्या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगात) झाले असेल, किंवा एकामागून एक जीवघेणे जंतुसंसर्ग होत असतील, तर चौथ्या सायकलची वाट न पाहता फेरविचार करावाच लागतो. आणि रुग्ण स्वतः शुद्धीवर, शांतपणे, सर्व समजून ‘आता नको’ म्हणत असेल, तर तो निर्णय त्याचा असतो. तुमच्या पत्रात मामांचे मत आहे, तुमचे आहे, डॉक्टरांचे आहे. वडिलांचे कोठेच नाही. ते त्यांना एकदा विचारा.

औषध बंद करण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे यापुढचा पर्याय काय. अ‍ॅझासिटिडीन खरोखरच अपयशी ठरल्यावर रुग्णांचे पुढे काय होते, याचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा आढावा आहे; त्यात आयुर्मानाचा मध्य सहा महिन्यांपेक्षाही कमी आला होता. हातातील पत्ता चांगला असेल तर तो अर्धवट खेळून टाकून देणे परवडत नाही, कारण गड्डीत पुढे फारसे काही नाही.

औषध नीट दिले जात आहे का, हे पाहण्यासारखे आहे, आणि हे घरच्यांना सहज तपासता येते. चाचणीतील मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, सलग सात दिवस, दर २८ दिवसांनी अशी होती. तुमच्या वडिलांचे शरीर १.६ चौरस मीटरचे धरले तर रोजचे १२० मिलिग्रॅम होतात. शंभर मिलिग्रॅमच्या कुपीत चार मिलिलिटर पाणी घातले की पारदर्शक द्रावण होत नाही, ताकाच्या निवळीसारखे गढूळ मिश्रण तयार होते. १२० मिलिग्रॅम म्हणजे जवळजवळ पाच मिलिलिटर, म्हणून सिस्टर ते दोन सिरिंजमध्ये विभागतात आणि पोटावर किंवा मांडीवर दोन वेगळ्या जागी टोचतात. टोचण्यापूर्वी सिरिंज दोन्ही तळव्यांमध्ये धरून जोरात फिरवावी लागते, रवी घुसळावी तशी, नाहीतर औषध तळाशी बसते आणि सुईतून नुसते पाणी जाते. मिश्रण साध्या तापमानाला तासाभराच्या आत वापरावे लागते, त्यामुळे सकाळी कालवून ठेवलेली सिरिंज दुपारी टोचलेली चालत नाही. रविवारी रुग्णालयातील डे-केअर विभाग बंद असल्यास पाच दिवस, दोन दिवस सुटी आणि पुन्हा दोन दिवस असे वेळापत्रक अनेक ठिकाणी वापरतात, आणि ते मला मान्य आहे; पण खर्चासाठी किंवा सोयीसाठी पाचच दिवस दिले जात असतील, तर आयुष्य वाढल्याचा जो पुरावा वर दिला तो सात दिवसांचा आहे, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारायला हरकत नाही. टोचलेल्या जागी तांबडे चट्टे उठतात आणि बद्धकोष्ठ होतो, दोन्ही अपेक्षित आहेत. खर्चाची ओढाताण असेल, तर भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधे उपलब्ध आहेत, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे कागद दाखवून विचारावे.

आणखी एक गैरसमज, ज्याची झळ पुढे बसते. ‘एकूण किती सायकलचा कोर्स?’ असे सगळे विचारतात. या औषधाला कोर्स नाही. गुण आला, तर तो टिकेपर्यंत औषध चालू ठेवायचे असते. कारकुनांना मोकळे सोडले की ते जुन्या खुणा पुन्हा उतरवू लागतात. हे आजच ठाऊक असले, म्हणजे सहाव्या सायकलनंतर ‘आता बरे झाले ना, मग अजून कशाला’ हा दुसरा वाद घरात होत नाही.

एमडीएस मुळापासून बरा करण्याचा मार्ग आजही एकच आहे, बोन मॅरो प्रत्यारोपण. तुमच्या डॉक्टरांनी त्याचा उल्लेख केला की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. ६९ हे वय ऐकून तो विषय न काढणेही चूक आहे. अमेरिकेत ५० ते ७५ वर्षांच्या अधिक जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना जुळणारा दाता मिळाला त्यांच्यापैकी सुमारे ४८ टक्के, आणि ज्यांना मिळाला नाही त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्के, तीन वर्षांनी हयात होते. हृदय, मूत्रपिंड, एकूण ताकद, दाता, पैसा आणि घरचे मनुष्यबळ, या सर्वांवर ते अवलंबून आहे, आणि अनेकांच्या बाबतीत उत्तर ‘नको’ असेच येते. तरीही प्रत्यारोपण तज्ज्ञांची एक भेट आता, अ‍ॅझासिटिडीन चालू असतानाच घ्यावी. रोग बळावल्यावर घेतलेल्या भेटीतून क्वचितच काही निघते.

अ‍ॅझासिटिडीनसोबत दिल्या जाणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्यांविषयी तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. ज्यांना तीव्र केमोथेरपी झेपत नाही अशा अ‍ॅक्यूट ल्यूकेमियाच्या रुग्णांत ही जोडी खरोखर उपयुक्त ठरली. २०२० च्या चाचणीत आयुर्मानाचा मध्य ९.६ वरून १४.७ महिन्यांवर गेला. एमडीएसमध्ये मात्र तिच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, हे २०२५ मध्ये जाहीर झाले. काही निवडक रुग्णांत, विशेषतः प्रत्यारोपणाआधी ब्लास्ट लवकर उतरवायचे असतील तेव्हा, मी ती वापरतो. पण ‘आमच्या बाबांना ती का देत नाही’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

मावशींविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे : अ‍ॅझासिटिडीन त्यांच्यासाठी नाही. गाठींच्या कर्करोगांत ही औषधे फारशी चालली नाहीत, याचे पहिले कारण वर आलेच आहे. गाठीतील पुष्कळ पेशी दीर्घकाळ विभाजनच करीत नाहीत, औषध रक्तात थोडाच वेळ टिकते आणि गाठीच्या गाभ्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. मेथिलऐवजी हिस्टोनवरील खुणांवर काम करणारा दुसरा गट आहे. त्यातील व्होरिनोस्टॅटला २००६ मध्ये त्वचेच्या एका लिम्फोमासाठी मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगात याच गटातील एन्टिनोस्टॅटकडून फार आशा होत्या, पण ६०८ रुग्णांच्या चाचणीत ते नेहमीच्या हार्मोनच्या गोळीसोबत देऊनही आयुष्य वाढले नाही. चीनमध्ये त्याच जातीच्या ट्युसिडिनोस्टॅटला २०१९ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता आहे, तेव्हा दार अगदीच बंद झालेले नाही. तरीही मावशींसाठी आज सिद्ध झालेले उपचार यापेक्षा खूप पुढे आहेत. या शाखेतील खरी हालचाल नेमका दोष शोधून त्यावर बेतलेल्या गोळ्यांत आहे. आयडीएच जनुकातील दोष असलेल्या ल्यूकेमियासाठी २०१७ पासून आणि त्याच दोषाच्या मेंदूतील सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमा या गाठीसाठी २०२४ पासून अशी औषधे मान्य आहेत. वडिलांच्या मॅरोची जनुकीय तपासणी झाली असेल, तर आयडीएचचा निकाल काय आला ते जरूर पाहा. तो दोष थोड्यांतच सापडतो, पण सापडला तर आणखी एक पर्याय हाती येतो.

हळदीचे म्हणाल, तर काचेच्या डिशमधील पेशींवर कर्क्युमिन हा हळदीतील घटक ओतला की या खुणांवर परिणाम दिसतो, हे खरे आहे. पोटातून घेतलेले कर्क्युमिन मात्र रक्तात जेमतेम पोहोचते. आमटी-भाजीतली हळद खुशाल चालू ठेवा. कॅप्सूल, काढे आणि अर्क नकोत, कारण प्लेटलेट्स २१ हजार असताना रक्त पातळ करू शकणारी किंवा यकृतावर भार टाकणारी कोणतीही वस्तू मी रुग्णाच्या तोंडाजवळ येऊ देत नाही. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकही नको, आणि दंडात किंवा कमरेत स्नायूत दिले जाणारे इंजेक्शनही नको.

तिसऱ्या सायकलपूर्वी दोन गोष्टी करा. घरात थर्मामीटर ठेवा, आणि ताप १००.४ अंशांवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठा आणि दारातच सांगा की रुग्ण अ‍ॅझासिटिडीनवर आहे व पांढऱ्या पेशी कमी आहेत. दुसरे, एक वही करा. प्रत्येक सायकलचा पहिला दिवस हा शून्य दिवस धरून त्याखाली हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), प्लेटलेट्स आणि रक्त किंवा एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेट्स) कधी चढवले, हे तारखांसह लिहा. आदल्या दिवशी चढवलेल्या प्लेटलेट्समुळे वाढलेला आकडा सुधारणा म्हणून मोजला जाऊ नये, यासाठी ही शेवटची नोंद फार महत्त्वाची आहे. पहिल्या सायकलचा २८वा दिवस दुसरीच्या २८व्या दिवसाशी ताडून पाहायचा, तिसरीचा दुसरीशी; मधल्या घसरणीकडे पाहून निष्कर्ष काढायचा नाही. रक्त किती दिवसांनी लागते हे अंतर वाढू लागले, तर तीही चांगली खूण असते, मग हिमोग्लोबिनचा आकडा तोच का असेना.

चौथ्या सायकलनंतर डॉक्टर बहुधा मॅरो पुन्हा तपासतील. त्यांनी तसे ठरवलेले नसेल, तर कधी तपासणार हे आताच विचारून तारीख वहीत लिहून ठेवा. घोडामैदान फार लांब नाही, आणखी दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तो अहवाल आणि वही दोन्ही घेऊन जाल, त्या भेटीला वडिलांबरोबर मामांनाही न्या, कारण प्लेटलेट्ससाठी रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांत धावपळ तेच करीत आहेत असे तुम्ही लिहिले आहे, आणि औषध थांबवायचे की पुढे न्यायचे हे ठरताना त्यांनी डॉक्टरांना समोरासमोर विचारलेले बरे.